मूळ तक्त्यातली शून्यं

४ फेब्रुवारी

वहिनींस साष्टांग नमस्कार.

साष्टांग हा शब्द शोभेसाठी वापरलेला नाही. आमच्या कंपनीने सगळ्यांना नव्या खुर्च्या दिल्या. माझ्या वाट्याची खुर्ची सकाळी माणसासारखी वागते आणि मग दिवसभर, कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशा बेताने, खाली बसत जाते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत टेबल छातीशी येतं, संध्याकाळी हनुवटीशी. काल साहेब आले आणि जागेवर कुणी नाही असं समजून परत गेले. तक्रार केली तर देखभालवाला विचारतो, "वजन किती तुमचं?" ज्या संस्थेत खुर्ची बिघडली की बसणाऱ्याची चौकशी होते, तिच्या भवितव्याबद्दल मी पामराने काय बोलावं?

असो. तुमचं काम झालं. तुम्ही संगणकाच्या आर भाषेत लिहिलेली जुळवणी तासन् तास रखडते म्हणालात, ती मी सी भाषेत नव्याने लिहिली. तुमची भाषा हुशार, समजूतदार, आणि ओझं उचलायला सांगितलं की कंबर धरून बसणारी. माझी हमाल. चहापाणी नको, गप्पा नकोत. पत्ता सांगा, पेटारा उचलला. दोघींच्या मधे पूल बांधून दिलाय. तुम्ही आपल्या आरमध्येच बसायचं, 'जुळवणी' या नावाने हाक मारायची आणि तक्ता द्यायचा. ओळींत किडनी देणारे, रकान्यांत घेणारे, प्रत्येक चौकटीत त्या दोघांच्या जोखमीचा आकडा. कुणी कुणाला दिली की एकूण जोखीम सर्वांत कमी, ती यादी परत येईल. तुमच्या गेल्या वर्षीच्या तक्त्यावर चालवून पाहिली. उत्तर तेच आलं, आणि मी खुर्ची वर करेपर्यंत आलं.

एक विचारायचं होतं. दादा माझा फोन उचलत नाही. नात्यातल्या त्या लग्नात त्याचे सुजलेले पाय बघून मी चारचौघांत "हत्ती आला, वाट द्या" म्हणालो, ते लागलं का त्याला? पूर्वी तो असा हळवा नव्हता. मीच तेवढा वात्रट होतो, आणि अजून आहे.

तुमचा सख्खा दीर

*

६ फेब्रुवारी

भावोजी, नमस्कार.

खुर्चीची बाजू मला पटते. मीही तुमच्याखाली दिवसभर टिकले नसते.

जुळवणी चालवली. आकडेवारीच्या खोलीत फोन बाहेर ठेवावा लागतो, नाहीतर लगेच फोन करून ओरडलेच असते. फार छान झालीय. आता तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, म्हणजे आपण काय केलंय ते तुम्हाला कळेल. नवऱ्याला किडनी हवी असते, बायको द्यायला तयार असते, पण तिची त्याला चालत नाही. दुसऱ्या घरात तीच कथा. मग या घरची त्या घरच्या रुग्णाला, त्या घरची या घरच्याला, अशी अदलाबदल करायची. आमच्या रुग्णालयात दर काही महिन्यांनी अशा जोड्या गोळा होतात.

यादी आल्यावर माझा संगणकातला कार्यक्रम शेवटची तपासणी करतो. निवडलेल्या प्रत्येक चौकटीत तो परत डोकावतो, आणि जोखीम चाळीसच्या वर असेल तर ती जोडी लाल करून मोठ्या बाईंपुढे ठेवतो. मोठ्या बाई म्हणजे आमच्या विभागप्रमुख डॉक्टर. "आधीच गाळून टाकू नका, मला दाखवा," असं त्यांचं म्हणणं, कारण पन्नासपर्यंतची जोखीम कधीकधी औषधांनी खाली आणता येते. जुन्या तक्त्यावर तुमच्या यादीतल्या तीन जोड्या लाल झाल्या, आणि त्या तिन्ही खरोखरच वाईट होत्या. म्हणजे सगळं जागच्या जागी आहे.

पुढच्या आठवड्यात खरा तक्ता येईल, जोड्याही यंदा जास्त. लॅबने नवं यंत्र घेतलंय, त्यामुळे आता नुसते पंचवीस नाहीत, पंचवीस पूर्णांक सदतीस शतांश. मिरवायला बरं.

तुमचे दादा बरे आहेत. रागावलेले नाहीत. कामाचा ताण आहे आणि पथ्य चालू आहे. सारखे फोन करू नका.

वहिनी

*

९ फेब्रुवारी

वहिनी,

सारखे नाही, एकदाच केला. दादाने उचलला. "नंतर बोलू," एवढंच म्हणाला, आणि मागून तुमचा आवाज आला, "पडून राहा." सकाळी अकरा वाजता, कामाच्या दिवशी, माझा भाऊ घरी पडून राहतो? ताप आला तरी जो माणूस कामावर जाऊन तिथल्यांना ताप द्यायचा, तो?

तुमचं दोघांचं बिनसलंय का? बिनसलं असेल तर सांगा. मी दोन्ही बाजू ऐकून तुमची घेईन. नोकरी सोडली असेल तर तेही सांगा. नुसतं "पथ्य" म्हणून माझी बोळवण करू नका. हा शब्द तुम्ही याआधी फक्त आमच्या आत्याच्या स्वभावाबद्दल वापरला होतात.

खऱ्या तक्त्यावर काय झालं ते कळवा.

दीर

*

१४ फेब्रुवारी

भावोजी,

झालं! आज यादी आली आणि एकही जोडी लाल नाही. एकही नाही! इतकी वर्षं हे काम करतेय, असं कधी पाहिलं नव्हतं. मोठ्या बाई दोनदा म्हणाल्या, "बघा हं नीट," मग स्वतः वाचली, आणि हसल्या. त्या हसतात हे विभागात पुष्कळांना ठाऊकच नव्हतं. संध्याकाळी सह्या झाल्या. पहिल्या शस्त्रक्रिया सोमवारी. घरोघरी फोन गेले. एका घरी तर फोन घेणारी नुसती "हो, हो" करत राहिली.

तुम्ही नेहमी म्हणता, आमचं काम म्हणजे हमाली. भावोजी, या हमालीचं मोल तुम्हाला कळायचं नाही. कधीतरी सांगेन. आज फक्त आभार.

आमचं काहीही बिनसलेलं नाही.

वहिनी

*

१५ फेब्रुवारी, सकाळ

वहिनी,

तुमच्या आनंदावर पाणी ओतायची माझी इच्छा नाही. पण माझा धंदाच असा, की सगळं ठीक आहे म्हटलं की मला धडकी भरते. चूक दाखवणारा कार्यक्रम मला भरवशाचा वाटतो. नुसत्या माना डोलावणारा नाही.

गेल्या वर्षी तीन लाल. यंदा जोड्या जास्त, यंत्र जास्त काटेकोर, आणि लाल एकही नाही? लोकांचं रक्त अचानक इतकं मनमिळाऊ कसं झालं?

एकच करा. जुळवणी चालवून झाल्यावर तो तक्ता पडद्यावर छापून बघा. उत्तराची यादी नको, तुम्ही दिलेला तक्ता. कोपऱ्यातल्या दहा-बारा चौकटी बघितल्या तरी पुरे.

दीर

*

१५ फेब्रुवारी, दुपार

भावोजी,

तुम्हाला कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही हे मी लग्न होऊन आले त्या आठवड्यातच ओळखलं होतं, पण स्वतःचंही बघवत नाही हे आज कळलं. यादीवर सह्या झाल्यात. माणसांना फोन झालेत. कुणी बॅगा भरून बसलंय. आणि तुम्ही म्हणता कोपरा छापून बघा! माझा तक्ता मला पाठ आहे. मी तो तुमच्या जुळवणीला नुसता बघायला दिला. आमच्या भाषेत फंक्शनला, म्हणजे तुमच्या जुळवणीसारख्या हाताखालच्या कार्यक्रमाला, काही दिलं तर ते आपल्या वस्तूला हात लावत नाही. ही पहिल्या दिवशी शिकवायची गोष्ट आहे. कोपऱ्यात काय असणार? मी दिलेले आकडेच असणार.

छापून पाहिलं.

शून्यं आहेत. निवडलेल्या प्रत्येक चौकटीत शून्य. बाकीचेही आकडे माझे नाहीत. भावोजी, हे काय आहे?

*

१५ फेब्रुवारी, लगेच

वहिनी,

खाली बसा आणि शांतपणे वाचा. दोष माझा आहे.

तुमच्या भाषेत दुसऱ्याला तक्ता दिला की, म्हटलं तर, त्याच्या हातात झेरॉक्स जाते. त्याने तिच्यावर वाटेल तितक्या रेघोट्या ओढाव्यात, तुमचा मूळ कागद जसाच्या तसा राहतो. माझ्या भाषेत झेरॉक्सची चैन नाही. तिला मूळ कागदाचा पत्ता मिळतो आणि ती तिथेच जाऊन बसते. जुळवणीची रीत अशी आहे, की प्रत्येक ओळीतून तिचा सर्वांत लहान आकडा वजा करायचा, मग रकान्यांतून, असं करत करत योग्य जोड्यांच्या चौकटी शून्यावर आणायच्या. मी ते सगळं तुमच्या मूळ तक्त्यावरच केलं. झेरॉक्स काढून त्यावर कर, असं सांगणारी एक ओळ लिहायची, ती लिहिली नाही. वेळ वाचतो म्हणून. मग तुमची तपासणी त्या चौकटींत डोकावली, तिला शून्य जोखीम दिसली, आणि ती खूश झाली. यापुढे कुठलाही तक्ता दिलात तरी ती खूशच होणार होती.

मग जुन्या तक्त्यावर का चाललं? तिथे सगळे पूर्णांक होते. माझ्या जुळवणीला दशांशाचे आकडे लागतात, म्हणून पूल स्वतःच पूर्णांकांची दशांशातली प्रत काढून मला देत होता. न मागता झेरॉक्स! यंदा लॅबने थेट दशांश पाठवले. पुलाला बदलायला काही उरलं नाही, त्याने मूळ कागदच हातात ठेवला.

जोड्यांची यादी बरोबर आहे. एकूण जोखीम कमीत कमी, हे खरं. पण त्यातली एखादी जोडी भयंकर आहे का, हे कुणीही पाहिलेलं नाही. लॅबची फाइल शाबूत आहे. ती नव्याने उघडा, आणि यादीतली प्रत्येक चौकट तिच्यावरून तपासा. जुळवणीला हात लावू नका, मी दुरुस्त करून पाठवतोय. आणि सोमवार थांबवा.

दीर

*

१७ फेब्रुवारी, सकाळ

वहिनी,

परवापासून तुमचं उत्तर नाही. घरचा फोन वाजून वाजून थांबतो. ती तपासणी करायला तुम्हाला चहा थंड व्हायच्या आतला वेळ लागतो, हे मला ठाऊक आहे. म्हणजे तुम्ही केलीय, आणि काहीतरी निघालंय.

लाज वाटत असेल तर ती माझ्या नावावर लिहा. मोठ्या बाईंना सांगा, माझा दीर गाढव आहे. तुम्हाला ते वाक्य म्हणायचा सराव आहेच. तुमच्या ओळखीतलं कुणी त्या यादीत असेल आणि त्याचा नंबर जात असेल, तर वाईट वाटून घ्या, पण यादी थांबवा. ज्याच्या पोटात ती चुकीची किडनी जाणार आहे, तोही कुणाच्या तरी ओळखीचा असेल.

आज संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर मी मोठ्या बाईंना स्वतः लिहिणार. मग तुम्ही माझ्याशी जन्मभर बोलला नाहीत तरी चालेल.

*

१७ फेब्रुवारी, दुपार

भावोजी,

लिहू नका. मोठ्या बाईंकडे आत्ता जाऊन आले.

दोन जोड्या लाल आहेत. एकीची जोखीम त्रेचाळीस, ती औषधांनी खाली येईल. दुसरी एकाहत्तर. साठच्या वर काही उपाय नसतो. घेणाऱ्याचं शरीर ती किडनी फेकून देतं, कधीकधी माणसासकट.

ती एकाहत्तरची किडनी माझी आहे.

ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या वर्षी गेल्या. पाय त्यामुळे सुजतात. आठवड्यातून तीनदा यंत्राला लावून रक्त धुऊन आणावं लागतं, मग दिवसभर उठवत नाही. तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती त्यांनी. "धाकटा लगेच बॅग भरून येईल आणि किडनी काढून टेबलावर ठेवील. त्याचं त्यालाच पुरत नाही." माझी त्यांना चालत नाही, म्हणून आम्ही या यादीत. आमची जोडी नऊ नंबर. मोठ्या बाईंना हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. म्हणून तर चाळीसची मर्यादा बदलणं आणि सही करणं माझ्या हातात ठेवलेलं नाही.

यादीप्रमाणे चौदा नंबरची किडनी ह्यांना मिळणार होती. जोखीम अकरा. इतका कमी आकडा मी कुठल्याच तक्त्यात पाहिलेला नाही. आणि माझी चौदा नंबरच्या रुग्णाला. ती एकाहत्तर. एक थांबवली की दुसरी आपोआप थांबते.

काल दिवसभर मी ती चौकट उघडून बसले होते. सह्या झालेल्या होत्या. तपासणी म्हणत होती, सगळं ठीक. तुमच्या-माझ्याशिवाय कुणाला कळणार नव्हतं, आणि नऊ नंबर कोण हे तुम्हालाही कळणार नव्हतं. चौदा नंबर म्हणजे मला एक रकाना. त्याला चेहरा नाही. ह्यांचे पाय मात्र मी रोज रात्री उशीवर उचलून ठेवते. घरी गेले, तर ह्यांनी बॅग भरून दाराशी ठेवली होती. दाढीचं सामान सगळ्यांत वर. मी ती ओलांडून आत गेले. आज सकाळी तुमचं पत्र आलं.

तुम्ही लिहिलंत म्हणून गेले, असं समजू नका. निघालेच होते. पण चपला घालून दाराशी किती वेळ उभी होते, ते विचारू नका.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. विचारलं, "हे आणखी कुणाला ठाऊक आहे?" म्हटलं, "माझ्या दिराला. त्यानेच शोधलं. चूकही त्याचीच." त्या म्हणाल्या, "दोन्ही कामं एकाच माणसाने केली, म्हणजे काटकसरी दिसतात," आणि सोमवार रद्द करायला फोन उचलला. पहिला फोन त्यांनी चौदा नंबरला लावला. दुसऱ्या फोनाबद्दल म्हणाल्या, "तुम्हीच घरी सांगाल ना?"

*

१७ फेब्रुवारी, संध्याकाळ

वहिनी,

जिभेला हाड नसतं हे ऐकून होतो. बोटांनाही नसतं, हे माझंच सकाळचं पत्र परत वाचताना कळलं. "वाईट वाटून घ्या." वा! आणि लग्नात तो हत्ती.

दादाला काही बोलायचं धाडस मला नाही. तुम्हाला एवढंच सांगतो, की माझी किडनी आहे. दोन आहेत. रक्ताचे रिपोर्ट सोबत पाठवतोय. उद्या, रविवारच्या गाडीने येतो.

*

२२ फेब्रुवारी

भावोजी,

तुम्ही येऊन गेलात, घर चार दिवस हललं, आणि आता सगळं अंगावर येतंय. तुमचे रिपोर्ट मोठ्या बाईंनी पाहिले. तुमच्यासमोर नुसतं "साखर फार आहे, घेता येणार नाही" म्हणाल्या. तुम्ही गेल्यावर म्हणाल्या, "यांची एक काढली तर यांनाच यादीत घ्यावं लागेल." वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याच शब्दांत सांगितलं.

तुमची सुधारलेली जुळवणी चालवली. पहिल्याच ओळीत झेरॉक्स, पाहिलं. आता तपासणी लॅबच्या मूळ फाइलवरून होते, आणि ती मी करत नाही, शेजारच्या विभागातला माणूस करतो. चाळीसवरच्या चौकटी बाजूला ठेवून यादी पुन्हा काढली. चौदा नंबरला दुसरं कुणी मिळालं. नऊ नंबरला कुणी नाही. आम्ही पुढच्या फेरीत.

त्या संध्याकाळी मी ह्यांना कसं सांगितलं, ते तुम्ही गाडीत बसताना विचारलं होतंत. सांगते. मी सगळं बोलले, ती एकाहत्तर, तो आदला दिवस, सगळं. ऐकून म्हणाले, "त्याला आधी कळवलंत ना? त्या चौदाला?" म्हटलं, हो. "मग वाढ जेवायला. आणि ती बॅग आत ठेव, कुणीतरी अडखळून पडेल." जेवताना मधेच हसायला लागले. म्हणाले, "धाकट्याला सांग, हत्ती अजून चालतोय."

रात्री बॅग मी आत ठेवली. दाढीचं सामान त्यांनी स्वतः काढून घेतलं.

वहिनी

*

३ जून

वहिनी,

ही चिठ्ठी हाताने लिहितोय. वरच्या मजल्यावर तुमच्यापर्यंत मला सोडत नाहीत, परिचारिका नेऊन देईन म्हणाल्यात. तुम्ही शुद्धीवर आलात आणि पहिलं वाक्य "तपासणी कुणी केली?" असं बोललात, ही बातमी खाली पोचली आहे.

केली त्या शेजारच्या विभागातल्या माणसाने, मूळ फाइलवरून, दोनदा. मग मी त्याला तिसऱ्यांदा करायला लावली, तेव्हा तो मोठ्या बाईंकडे माझी तक्रार घेऊन गेला. तुमची किडनी जिथे गेली तिथली जोखीम एकोणीस. दादाची सव्वीस. अकरा नाही. अकराबद्दल मी कधीतरी स्वप्नात ओरडतो, पण जागेपणी सव्वीस चालतील.

आता ऐका. मोठ्या बाई दुपारी बाहेर आल्या. हिरवा झगा, टोपी, चेहऱ्यावर काही नाही. वहिनी, त्या बाईंनी पत्ते खेळावेत. माझ्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "लघवी सुरू झाली. टेबलावरच. नवी किडनी कामाला लागली." मी इतका मोठा झालो, पण कुणाच्या लघवीची वार्ता ऐकून डोळे भरून येतील असं वाटलं नव्हतं. बाजूच्या दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. ते कोण, कुणाचे, मला ठाऊक नाही. विचारायचं नाही असा इथला नियम आहे, आणि आज प्रथमच मी कुठलातरी नियम पाळतोय.

दादाला अजून भेटलो नाही. मघाशी हाक आली होती, "नऊ नंबरचे भाऊ कोण? पाच मिनिटं आत या." मी म्हटलं, थोड्या वेळाने आलो तर चालेल का? परिचारिकेने माझ्याकडे असं पाहिलं, की तुमची आठवण झाली.

कारण असं. काल मी इथे बसल्या बसल्या झोपलो, उघड्या तोंडाने. जागा झालो तर माझी बॅग शेजारच्या गृहस्थांच्या दोन पायांत घट्ट धरलेली, आणि ते भिंतीला टेकून ताठ जागे. साठीचे असतील. त्यांचं कोण आत आहे, कल्पना नाही. बॅग नुसती माझ्याकडे सरकवली.

आज त्यांना झोप लागलीय. मान माझ्या खांद्यावर आहे, आणि त्यांची कापडी पिशवी मी पायांत धरून बसलोय. उठले की जातो आत.